परब काकांची अडकलेली फुगडी

कस्टमर केअरला फोन लावायच्या आधी परब काका अंघोळ करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि खुर्ची असूनही उभे राहतात. आयुष्यभर टेलिफोनचे लाइनमन होते. लाइनीवर बोलायचं तर नीट बोलावं, हे त्यांचं म्हणणं. आमच्या दहिसरच्या बिल्डिंगच्या भिंती इतक्या पातळ, की रोज सकाळी दहाला हा कार्यक्रम मला शेजारी फुकटात ऐकू येतो.

पलीकडून कोणीतरी मोडेम बंद करून परत चालू करायला सांगतं. की काका पेटलेच!

"केलंय! माझी बायपास झाली तेव्हा मी पण बंद पडून परत चालू झालंय. पुढचा बोला!"

भांडण टॉरेंटचं. म्हणजे फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर ठेवायची आणि ज्याला हवी त्याने तिथून तुकड्यातुकड्याने उतरवून घ्यायची. काकांनी घरच्या गणपतीच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींच्या फाइल करून अशा ठेवल्या आणि गाववाल्यांच्या ग्रुपवर लिंक टाकली. त्यात काकी गौरीपुढे फुगडी घालतायत, मोठ्याने गातायत. पण टॉरेंट दिसलं रे दिसलं, की कंपनी मुद्दाम त्याचा गळा दाबते. बाकी नेट सुसाट, ही फाइल गोगलगाय. तक्रार केली की कंपनीचा माणूस येतो, स्पीड टेस्टचा झकास आकडा दाखवतो आणि काकांच्या हातची सोलकढी पिऊन जातो. चार आले, चारही तसेच. मेले!

"ह्येंका वाटता सगळे पिक्चरच चोरतत," काका म्हणाले. "माझ्या बायलेची फुगडी मी चोरतंय काय गो?"

शेवटी मीच वैतागले. "अहो काका, पेनड्राइव्हवर घालून कुरिअर करा ना ज्याला हवंय त्याला!"

तेव्हा त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. फाइल उतरवून घेणारा अख्ख्या जगात एकच होता. त्याच्यापुढे एक इवलासा झेंडा.

"न्यूझीलंड," काका हळूच म्हणाले. "आपल्या ग्रुपात थंय रवणारो एकच."

महेश. त्यांचा मुलगा. काकी गेल्या तेव्हा तो वेळेत पोचला नाही, आणि काका सगळ्यांदेखत त्याला नको ते बोलले. त्याला सहा वर्षं झाली. दोघांत एक फोन नाही.

"मग तुम्ही करा ना फोन!"

"उचलूचो नाय. पण ह्यां बघ. तीन महिने रोज येता. आयशीक बघूक येता. एक्क्याऐंशी टक्के झाला." त्यांनी झेंड्यावर बोट ठेवलं. "माझ्या घरात येता गो तो."

मला रडूच आलं. त्याच दुपारी मी स्वतः कंपनीला फोन लावून तोंडाला येईल ते बोलले. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, आमच्याकडे तुमचा स्पीड एकदम बरोबर दिसतोय."

गेल्या आठवड्यात सलग दोन दिवस दहा वाजले तरी भिंतीपलीकडून आवाज नाही. घाबरून गेले, तर काका स्क्रीनसमोर बसलेले. झेंडा नव्हता. आठ दिवस झाले होते. आकडा तिथेच, एक्क्याऐंशीवर.

"तो कंटाळलो असतलो," काका म्हणाले. "किती दिवस वाट बघतलो तो तरी?"

उठता उठता मी कॉम्प्युटर बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

"बंद करू नको गो. तो इलो, तर घर बंद दिसतला."