सहाशे बारा नावं आणि त्यातलं एक खोटं

माझी स्मरणशक्ती हा चेष्टेचा विषय नाही, हे आधीच सांगून ठेवतो! एकोणतीस वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या किल्ल्या माझ्या ताब्यात होत्या. तीनशे चाळीस किल्ल्या, एक लोखंडी कपाट आणि मी. आता नुसत्या किल्ल्या कोणीही सांभाळेल हो! माझी पद्धत वेगळी होती. मी प्रत्येक किल्लीला मुद्दाम खोटी चिठ्ठी बांधायचो. रंगाच्या कोठाराच्या किल्लीवर 'संडास, दुसरा मजला', आणि संडासाच्या किल्लीवर 'मोठे साहेब'. चोर शिरलाच, तर बसू दे त्याला साहेबांच्या दाराशी झगडत! कुठली किल्ली खरी कुठली, हे फक्त माझ्या डोक्यात. कधी अडलंच, तर घरी फोन करून हिला विचारायचो, कारण जेवताना मी हिला सगळं सांगत असे. पण ते क्वचित. अगदीच क्वचित.

तर असा मी. आता निवृत्त आहे. ही जाऊन आठ महिने झाले. हिचा चष्मा अजून रेडिओवर आहे. मी तो रोज पुसतो आणि परत तिथेच ठेवतो.

शनिवारी सकाळी साडेदहाला लेक आली ती धापा टाकतच.

"बाबा, आईच्या खात्याचा पासवर्ड काय?"

"बस तरी आधी. पाणी पी."

"पाणी नको, पासवर्ड द्या! हे बघा." तिने स्वतःचा फोन माझ्या नाकासमोर धरला. आठ महिन्यांत या खात्यात कोणी फिरकलं नाही, सबब आज संध्याकाळी सहा वाजता ते कायमचं बंद होऊन आतलं सगळं पुसलं जाईल, असा तो निरोप होता. हिने खात्यात लेकीचा पत्ता नुसता सूचनांसाठी दिला होता; निरोप तिथे तीन आठवडे पडून होता म्हणे, तिला आज दिसला.

हिला फोनवर टाइप करायचा भयंकर कंटाळा. त्यामुळे ही सगळं बोलून ठेवायची. सामानाची यादी, शिवणाची मापं, माझ्याबद्दलच्या तक्रारी, सगळं! ते बोलणं आपोआप त्या खात्यात जाऊन साठायचं. हिचा फोन हिच्या आधी दोन आठवडे बादलीत पडून गेला. हिचा नंबर मी हिच्यानंतर चौथ्या दिवशी अर्ज देऊन बंद केला, कारण आपलं काम कसं वेळच्या वेळी! आता पासवर्ड विसरला म्हणून कळवलं, की नवा पाठवतात तो त्याच बंद नंबरावर.

"माझ्या फोनवर आईचं एकही रेकॉर्डिंग नाही," लेक म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "बाबा, मला आईचा आवाज आठवेनासा झालाय. ती काय बोलायची ते आठवतं. आवाज नाही आठवत."

मी रेडिओवरचा चष्मा उगाच सरळ केला. कारण मलाही तसंच होत होतं आणि मी ते कोणालाही सांगितलं नव्हतं.

"एवढंच ना!" मी म्हणालो. "पासवर्ड माझ्या फोनमध्येच आहे! दहा आकडी. कोणाला अंदाज येऊ नये म्हणून मी डोळे मिटून दाबला होता. आणि कोणाला सापडू नये म्हणून फोन नंबर असल्यासारखा यादीत ठेवलाय, खोट्या नावाने!"

"वा! कुठल्या नावाने?"

मी उठून पंखा लावला.

"बाबा?"

"आठवतंय, आठवतंय."

काही आठवत नव्हतं! डोक्यात नुसता पंख्याचा आवाज.

माझ्या फोनमध्ये सहाशे बारा नावं आहेत. आणि ती मी माणसाच्या नावाने ठेवत नाही, त्याच्या खुणेने ठेवतो. कारखान्याचीच सवय! नळवाल्याचं नाव 'गळका', वर्तमानपत्रवाल्याचं 'उशीर'. मी एकेक वाचत गेलो आणि लेक वहीत लिहीत गेली. घरचे, नात्यातले आणि ज्यांची पक्की खात्री होती ते सोडले. 'ह' अक्षर आलं तसा मी अंगठा पटकन पुढे सरकवला. शेवटी चौऱ्याहत्तर संशयित उरले.

"आता या चौऱ्याहत्तर जणांना फोन करायचा," मी जाहीर केलं. "जो उचलेल तो खरा. जो नंबर अस्तित्वातच नाही, तो आपला पासवर्ड!"

"पण पाचच वेळा चुकता येतं, बाबा. पाचव्यांदा चुकलं, की उद्यापर्यंत कुलूप."

"एकदाच लागेल!"

"आणि फोनवर सांगणार काय लोकांना?"

"पासवर्डचा विषय फोनवर काढायचा नाही. हा नियम आहे."

या नियमानेच माझा घात केला.

पहिलं नाव 'खोकला'. हा कोण, ते मला काही केल्या आठवेना. कोणीतरी खोकणारा असेल! फोन लावला, तर आमचे डॉक्टर निघाले.

"बोला! काय होतंय?"

"काही नाही, डॉक्टर. तुम्ही आहात एवढंच बघायचं होतं."

"मी आहे की. तुमचं काय?"

"माझ्याकडे सहा वाजेपर्यंतच वेळ आहे. त्याआधी सगळ्यांना एकेक फोन करून घ्यायचं ठरवलंय. बराय मग!"

मी फोन ठेवला आणि नावापुढे बरोबरची खूण केली.

मग 'उद्या येतो'. हा सुतार. झोपायच्या खोलीचं दार खाली घासतं म्हणून तीन वर्षांपूर्वी याला बोलावलं होतं. "साहेब, दार ना? उद्या येतो!" म्हणाला. मी म्हटलं, "नको हो, आता दाराचं काय घेऊन बसलात! तुम्ही आहात ना, बस." पलीकडे हातोडी खाली पडल्याचा आवाज आला.

'बुद्धिबळ' आलं तेव्हा मी टाळीच वाजवली. "सापडला! हा बुद्धिबळवाला मित्र जाऊन दोन वर्षं झाली. त्याचा नंबर मी काढून टाकलाच असणार. म्हणजे हा खोटा!" खात्री म्हणून फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"हॅलो?" त्याची बायको होती.

"वहिनी, मी. म्हणजे... तुमच्याकडे हा फोन अजून..."

"रोज चार्ज करते. कोणाचा ना कोणाचा येतो. बहुतेक जाहिरातीचेच असतात, तरी उचलते." मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही दोन वर्षांत पहिल्यांदा केलात."

चुकलं, सहाच्या आत एवढं तरी सांगून टाकतो, असं म्हणालो. मग पाच मिनिटं आम्ही दोघंही फोन धरून नुसते बसलो होतो. लेकीने घड्याळाकडे बोट दाखवलं तेव्हा ठेवला.

आणि मग 'खिडकी'. मला वाटलं काचवाला. निघाला कारखान्यातला माझा शेजारी! तेवीस वर्षं आम्ही एकाच टेबलावर बसलो. त्याला खिडकी उघडी लागायची, मला बंद. निवृत्तीच्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर ती सताड उघडली, तेव्हापासून सहा वर्षं आमचं बोलणं बंद.

"कोण?"

"मी."

पलीकडे खुर्ची सरकली. मग, "आज कशी आठवण झाली?"

"तुम्ही अस्तित्वात आहात का, एवढंच बघत होतो."

"आहे अजून. आणि तुम्ही?"

"सहापर्यंत या गडबडीत आहे," असं मला म्हणायचं होतं. पण घाईत "सहापर्यंत आहे" एवढंच म्हणून मी फोन ठेवला!

तीन वाजेपर्यंत यादी संपली. अकरा नंबर अस्तित्वात नव्हते. अकरा! माणसं गेली, गाव सोडून गेली, नंबर बदलून गेली आणि मला कोणी कळवलं नाही. का कळवतील? मी तरी आठ महिन्यांत लेकीशिवाय कोणाला फोन केला होता? त्या अकरांतले सगळ्यात खोटे वाटणारे चार निवडले. चारही चुकले, तोवर पाच वाजले. आता एकच संधी उरली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सुतार! हत्यारांची पेटी घेऊन! तीन वर्षं उद्या येणारा माणूस आज आला, तेव्हा माझी पाचावर धारण बसली. काहीतरी भयंकर घडलं असणार!

"साहेब, माझ्या मनाला लागून राहिलं असतं हो," तो डोळे पुसत म्हणाला, आणि सरळ आत जाऊन त्याने झोपायच्या खोलीचं दार बिजागरीतून उतरवून बाहेरच्या खोलीत आडवं टाकलं. रंधा सुरू! भुसा सोफ्यापर्यंत!

त्याच्यामागून डॉक्टर आले. आल्या आल्या त्यांनी मला खुर्चीत दाबून बसवलं आणि दंडाला पट्टा बांधला. "असे टोकाचे विचार करायचे नसतात," ते म्हणाले. मी म्हटलं, "कसले विचार?" ते म्हणाले, "बोलू नका, आकडा चुकतो." मग वहिनी आल्या आणि काही न बोलता माझ्या शेजारी बसल्या. शेवटी आला खिडकीवाला. सहा वर्षांत पार वाळला होता. तो कोणाकडेही न बघता खिडकीपाशी गेला आणि त्याने ती बंद केली!

"तुम्हाला हवी तशी," तो म्हणाला. "जाताना मनात राहायला नको."

आता कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो, मी कुठेही चाललेलो नाही! सहा वाजता खातं जाणार आहे! हिचं खातं!"

कोणाचा विश्वास बसेना. "बायकोच्या आठवणीने असं होतं," डॉक्टर सुताराला समजावून सांगायला लागले. शेवटी मी नियम मोडला आणि पासवर्डची सगळी कहाणी सांगितली. हिचं बोलणं सहा वाजता पुसलं जाणार होतं, आणि ते माझ्या शहाणपणामुळे. मी सगळ्यांसमोर लहान मुलासारखा रडलो. रंधा थांबला.

माझा हात डॉक्टरांच्या पट्ट्यात अडकलेला, म्हणून माझा फोन लेकीने घेतला होता. ती स्वतः यादी चाळत होती. पावणेसहा झाले होते.

"बाबा, तुम्ही 'ह' वाचलंच नाहीत."

"त्यात काही नाही."

"दोन नावं आहेत."

"ती नकोत. तो नंबर मीच बंद केलाय. तिथे कोणी उचलणार नाही, हे मला फोन न लावता माहीत आहे."

"हो, पण हे 'ही' आहे. आणि हे 'ही दोन'." तिने मान वर केली. "आईकडे दुसरा फोन कधी होता?"

कधीच नव्हता! आणि मला खडाखडा सगळं आठवलं. चोर कितीही धीट असला तरी दुसऱ्याच्या बायकोला फोन लावणार नाही, असा माझा हिशोब होता! तो मी जेवताना हिला मोठ्या ऐटीत सांगितलाही होता.

लेकीने आकडे टाकले. दहावा टाकण्याआधी तिने बोट ओढणीला पुसलं. एक गोल फिरलं, फिरतच राहिलं, आणि खातं उघडलं. दोनशे सतरा रेकॉर्डिंगं! लेकीने सगळ्यात वरचं, शेवटचं, लावलं.

आधी भांड्याचा आवाज. मग खाकरणं. मग ही.

"हं, चालू झालं वाटतं. ऐक गं. तुझ्या बाबांनी इथला पासवर्ड फोनच्या यादीत 'ही दोन' म्हणून लपवलाय. आत्ताच सांगत होते. महिन्याभरात विसरतील बघ. कारखान्यातून रोज दोनदा फोन असायचा, 'अगं, रंगाच्या कोठाराची किल्ली कुठली?' मी सगळं वहीत लिहून ठेवायचे, ते त्यांना ठाऊक नाही. तर तू हे लक्षात ठेव. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस, त्यांचं त्यांनाच आठवलं असं वाटू दे. आता हे ठेवू कुठे? हरवायला नको. हां, या खात्यातच राहू दे. इथे अगदी सुरक्षित राहील."

खट्ट. संपलं.

लेक ओठ दाबून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. माझंही तेच चाललं होतं. आवाज तोच होता, अगदी तोच, थोडा सर्दी झाल्यासारखा.

खिडकीवाला जागचा उठला, फोनजवळ आला आणि त्याच्यावर वाकून, ही समोरच बसल्यासारखा, अदबीने म्हणाला,

"दोनदा नाही, वहिनी. चारदा. मी शेजारीच असायचो."

सहा वर्षं मी या माणसाशी बोलत नव्हतो, ते काही उगाच नाही!