सोड्याने निघालेला पिवळेपणा

कुंदा माळवदे यांच्या दातांवरचा पिवळेपणा एका सकाळी खाण्याच्या सोड्याने आणि लिंबाने निघाला आणि बेसिनपाशीच उभा राहिला.

उंचीने तो स्वयंपाकघरातल्या स्टुलाएवढा होता, रंगाने पातळ वरणासारखा. कुंदाने चूळ भरून आरशात पाहिलं. दात धुतलेल्या तांदळासारखे दिसत होते. मग तिने खाली पाहिलं.

"आता तुम्ही निघालात तरी चालेल," ती म्हणाली.

"कुठे?" पिवळेपणाने विचारलं.

याचा विचार तिने केला नव्हता. रविवारी तिच्या मुलीच्या, केतकीच्या लग्नाची बैठक होती. लातूरहून कानडे मंडळी बार्शीला येणार होती, आणि मुलाची आई सरोजिनीबाई फार कडक, असं मध्यस्थांनी दोनदा बजावलं होतं. निदान त्यांच्यासमोर तरी पदर तोंडाशी न धरता हसावं, एवढंच कुंदाच्या मनात होतं.

"तुमचे कोणी नातेवाईक?" तिने विचारलं.

"इतकी वर्षं तुमच्याकडेच होतो. नातेवाईक कधी जोडणार?"

तिचे यजमान भास्करराव दाढी करायला आले. त्यांनी पिवळेपणाला जरा सरकायला सांगितलं आणि गालाला साबण लावला.

दुपारी कुंदा समोरच्या शैलावहिनींकडे गेली. वहिनींचे दात दिवाळीपासून पांढरे होते.

"सोडा कशाला लावलास गं?" वहिनी हळहळल्या. "सोडा खरखरीत. त्याला आपण हाकलून दिल्यासारखं वाटतं, मग तो अडून बसतो. मी रोज खोबरेल तेल तोंडात धरायची. वेळ लागला, पण माझा अगदी गोडीत निघाला. दारात थांबून म्हणाला, येतो वहिनी."

"म्हणजे परत आला नाही?"

"येतो की सणासुदीला. जेवतो, जातो. तेलाने काढलं की संबंध राहतात."

"आणि केळ्याची साल?"

"माझ्या बहिणीने घासली होती. तिचा निघालाच नाही. उलट बाळसं धरलं त्याने."

संध्याकाळी सोसायटीचे चेअरमन हुंडेकर चौकशीला आले. पिवळेपणाने त्यांना बसायला खुर्ची दिली.

"हे पाहुणे की भाडेकरू?" हुंडेकरांनी विचारलं.

"अजून ठरलं नाही," भास्करराव म्हणाले.

"बाहेरून कधी आले?"

"बाहेरून नाही आले. हिच्या दातांवरच होते."

हुंडेकरांनी विचार केला. "म्हणजे आधीपासून इथेच राहत होते. मग सोसायटीला कळवायची गरज नाही." उठता उठता त्यांनी आवाज खाली आणला. "मी कोळशाची पूड वापरली होती. निघाला, पण काळाठिक्कर होऊन. फिरायला म्हणून बाहेर पडला, तर वॉचमनने ओळखलं नाही, गेटमधून आतच घेतला नाही. अजून वाईट वाटतं." ते पिवळेपणाकडे पाहत राहिले. "तुमचा रंग छान टिकलाय."

"आभारी आहे," पिवळेपणा म्हणाला.

तो तसा कोणाच्या अध्यात मध्यात नव्हता. पेपर वाचायचा, कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष ठेवायचा. पण सरोजिनीबाईंना त्याची ओळख काय म्हणून करून द्यायची, या विचाराने कुंदाला जेवण जाईना. शनिवारी चिरोटे लाटताना तिने विषय काढला.

"उद्या मंडळी असेपर्यंत तुम्ही बाल्कनीत थांबाल का?"

"थांबेन," तो म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "सवय आहे. तुम्ही हसायच्या तेव्हा पदर माझ्याच तोंडावर यायचा. तुमचं एकही हसू मला धड बघायला मिळालं नाही."

कुंदाच्या हातातलं लाटणं थांबलं. तिने एक चिरोटा बशीत घालून त्याच्यापुढे सरकवला.

रविवारी कानडे मंडळी आली. कुंदा दारात मनमोकळं हसली आणि तिथेच घोटाळा झाला. सरोजिनीबाई तिच्या दातांकडे बघतच राहिल्या. ओठ घट्ट मिटून त्या सोफ्याच्या कडेला बसल्या. पोहे तसेच राहिले. मुलगा आणि केतकी एकमेकांकडे बघून हवालदिल झाली.

"एक विचारते," शेवटी बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे चहा होत नाही का?"

"होतो की! आत्ता टाकते."

"मग दात असे कसे? बाई, इतक्या पांढऱ्या घरात आमचं कसं निभायचं? इथे येऊन आम्ही हसायचं तरी कसं?"

मध्यस्थ पंख्याकडे बघू लागले. तेवढ्यात बाल्कनीचं दार सरकलं आणि पिवळेपणा आत आला. सगळ्यांना नमस्कार करून तो सरोजिनीबाईंसमोर उभा राहिला.

"माफ करा, बोलावलं नसताना आलो. मी यांच्या दातांवरचा. लग्न होऊन या इथे आल्या, तेव्हापासूनचा. या घरात दोन वेळचा चहा होतो, आलं घालून. पाहुणे आले की तिसऱ्यांदा होतो. भांडण झालं तरी चहा दोघांचाच टाकतात. मुलीला माणसांची आवड आहे. आणखी काय विचारायचं असेल ते विचारा."

सरोजिनीबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "सोड्याने?"

"सोड्याने."

"मलाही तसंच वाटलं. तेलाचा इतकं स्पष्ट बोलत नाही." आणि बाई हसल्या. अगदी मनापासून, वरचे-खालचे सगळे दात दिसतील असं. दात चांगले हळकुंडांसारखे होते. कुंदाही हसली, आणि हसताना तिने मुद्दाम पिवळेपणाकडे तोंड केलं. तो बघत होता.

चहा झाला, तारीख ठरली. उठता उठता सरोजिनीबाईंनी एकच मागणी केली. "पाठराखीण म्हणून यांना पाठवा. पोरगी नवी आहे, घरचं जुनं माणूस बरोबर असलं की बरं."

"पाठराखीण बाईमाणूस असते ना?" भास्कररावांनी शंका काढली.

"पिवळेपणात कसली आलीय बाई आणि कसला बुवा?" सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि ते सर्वांना पटलं.

लग्न होऊन वरात निघाली, तेव्हा पिवळेपणा गाडीत ड्रायव्हरशेजारी बसला. मांडीवर चिवड्याचा डबा होता. केतकी रडत होती, कुंदाही रडत होती. तिने गाडीच्या खिडकीतून हात घालून आधी मुलीच्या, मग त्याच्या पाठीवरून फिरवला.

"सांभाळून राहा," ती म्हणाली.

"तुम्हीही," तो म्हणाला. "दात जपून घासा. जोर लावू नका."

रात्री सरोजिनीबाईंचा फोन आला. मंडळी सुखरूप पोचली होती.

"एक विचारायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "यांना गादी लागते का?"

"नाही हो," कुंदा म्हणाली. "रात्री आटतात, कपात झोपतात. वर बशी तेवढी ठेवा."