पाडलेलं नाणं

जावईबापूंनी फक्त वजन करायचं ठरवलं होतं. नुसतं वजन. त्याने कुणाचं काय बिघडणार होतं?

सासऱ्यांकडे चांदीचं एक प्राचीन ग्रीक नाणं होतं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली देवी, दुसऱ्या बाजूला डोळे वटारलेलं घुबड. रविवारी ते समारंभपूर्वक म्युझियमला द्यायचं होतं. भिंतीवर सासऱ्यांच्या नावाची पाटी लागणार होती, आणि उभी हयात शाळेत इतिहास शिकवलेल्या त्या माणसाला आता दुसरं काही नको होतं. पण जावईबापू सत्याचे कट्टर भक्त (कॉलेज संपून फार दिवस झाले नव्हते). नाणं नकली असलं तर? काचेच्या कपाटातून जनतेची फसवणूक, तीही त्यांच्या देखत? शिवाय आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून ते या विषयातले तज्ज्ञ झाले होते.

म्हणून सासरे दाढी करायला गेल्याबरोबर त्यांनी नाणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं आणि मित्राला फोन लावला.

"साच्यात ओतलेलं असलं तर नकली, कडेला शिवण दिसते," ते दबक्या आवाजात म्हणाले. "अस्सल नाणं ठशाखाली ठोकून पाडतात. आणि हे पाडलेलंच वाटतंय रे."

नेमक्या त्याच वेळी सासूबाई मटार घेऊन आत आल्या.

"काय पाडलं?"

"नाणं, आई."

"अगं बाई. कुणी?"

"ग्रीकांनी."

"ते कधी आले होते घरात?"

"घरात नाही हो. अडीच हजार वर्षांपूर्वी, अथेन्समध्ये."

"आणि तुम्ही हे आत्ता सांगताय?"

सासूबाईंनी बाहेर तोंड करून हाक दिली, "अहो, ऐकलंत का, तुमचं नाणं पाडलं." सासरे अर्ध्या गालावर फेस घेऊन धावत आले, मागोमाग जावईबापूंची बायको. सासऱ्यांचा तो अवतार बघून जावईबापू दचकले, कोपर काट्याला लागलं आणि घुबड उडालं. टण्णकन फरशीवर आपटून, ऐटीत एक गिरकी घेऊन ते फ्रिजखाली गेलं.

"आता पाडलंत," बायको म्हणाली.

फ्रिज जागचा हलेना. झाडू आत शिरेना. शेवटी बायकोने फ्रिजच्या दारावरचं चुंबकाचं केळं काढून फूटपट्टीला बांधलं, आणि जावईबापू फरशीवर पालथे पडून गळ टाकायला लागले. आधी बाटलीचं पत्र्याचं झाकण आलं. मग सासूबाईंची हरवलेली पिन (तिचा आळ आजवर मोलकरणीवर होता). आणि मग घुबड, केळ्याला घट्ट चिकटून.

सासऱ्यांनी फेसासकट जावयाला मिठी मारली. सगळे हसत होते. एकटे जावईबापू गंभीर.

"बाबा, चांदी चुंबकाला चिकटत नाही."

"चिकटत नाही कशी? आत्ता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चिकटली."

"ग्रीकांची चिकटत असेल," सासूबाई म्हणाल्या.

"आत लोखंड आहे, बाबा. वर नुसता मुलामा."

सासरे स्टुलावर बसले. त्यांनी नाणं ओढून काढलं आणि सोडलं. टक्. पुन्हा केळ्यावर.

"पाटी रंगवून झालीय रे," ते हळूच म्हणाले.

सत्य जावईबापूंना पहिल्यांदाच जरा जड गेलं. (काट्यावर त्याचं वजन दिसत नाही.) तरी ते म्हणालेच, "म्युझियमला खरं ते सांगायला हवं."

"खरंच सांगतो." सासऱ्यांनी फोन उचलला. "साहेब, रविवारचा समारंभ रद्द करा. नाणं देता येत नाही. आमच्या जावयाने पाडलंय."

फोन ठेवून त्यांनी उरलेला फेस पुसला. "यात एक तरी शब्द खोटा होता?"

जावईबापूंनी बराच विचार केला. नव्हता.

म्युझियमच्या साहेबांनी ते शेजाऱ्याला सांगितलं, शेजाऱ्याने न्हाव्याला, आणि न्हाव्याने सगळ्यांना. संध्याकाळी दारात पोलीस उभा.

"इथले जावई नाणी पाडतात म्हणे?"

"छे हो," सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या. "एकच पाडलं. तेही खोटं."