हंबरणाऱ्या नळाची दुरुस्ती

शहराच्या कडेला असलेल्या सातारा परिसरातल्या सहजीवन कॉलनीत आठ-दहा दिवसांनी एकदा नळाला पाणी यायचे, आणि या व्यवस्थेबद्दल कोणाचीही गंभीर तक्रार नव्हती. तक्रार होती ती सोमनाथ सांडूच्या अंगणातल्या नळाबद्दल. पाणी आले की हा नळ आधी खाकरायचा, मग थरथरायचा आणि शेवटी असा काही हंबरायचा की भिंतीतला पाइप, भिंतीला लागून असलेली खाट आणि खाटेवरची आवडाबाई, अशा क्रमाने सगळे हलू लागत.

आवडाबाई म्हणजे सोमनाथची आई. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यामुळे ती गावाकडून लेकाकडे राहायला आली होती. तिला अजिबात दचकू देऊ नका, पुढचा झटका झेपायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यानुसार घरात मीठ कमी झाले, टीव्हीचा आवाज बारीक झाला, दारावरची बेल काढून ठेवली गेली. फक्त नळाला हे कोणी सांगितले नव्हते.

“अरं सोमनाथा,” ती छातीवर हात दाबून म्हणायची, “त्यो हंबरायला लागला की माज्या काळजाचं पाणी व्हतंय. काय तरी कर बाबा.”

सोमनाथ चितेगावच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात होता. कुठलाही दोष मुळापर्यंत जाऊन शोधावा आणि ते मूळ दुसऱ्याच्या खात्यात सापडावे, ही त्या विभागाची शिस्त त्याच्या अंगात मुरली होती. आईवर त्याचा जीव होता. त्याने ताबडतोब गयासला बोलावले.

गयास हा कॉलनीतल्या झाडून सगळ्या घरांचा प्लंबर. तो आला, पण कोरड्या दिवशी आला. “जिस दिन पानी रहता साब, उस दिन मेरेकू टाइम नै रहता,” त्याने खुलासा केला, “और जिस दिन टाइम रहता, उस दिन पानी नै रहता.” तेव्हा रोगी मुका असतानाच तपासणी झाली. गयासने नळाचा वायसर बदलला. पुढच्या पाण्याला फरक पडला नाही म्हणून आतला स्पिंडल बदलला, आणि त्यानेही भागले नाही तेव्हा जुना पितळी नळ काढून स्टीलचा बसवला. नवा नळ त्याच सुरात हंबरला, फक्त जरा जास्त खणखणीत.

सोमनाथने पाण्याच्या कार्यालयात तक्रार नोंदवली. दोन कर्मचारी आले, तेही कोरड्याच दिवशी. त्यांनी नळ उघडला, बंद केला, थोडा वेळ त्याच्याकडे बघितले. संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला: ‘प्रत्यक्ष पाहणीत नळ शांत आढळला. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’

सोमनाथने फोन केला. “साहेब, पाणी आलं की आवाज येतो.”

“म्हणजे पाणी येतं.”

“हो, येतं.”

“मग तसं समाधानाचं दोन ओळीत लिहून द्या ना. आमच्याकडं लोक नुसत्या तक्रारीच करायलेत.”

निदान शेवटी झाले ते आपोआप. एका रविवारी सकाळी पाणी आले, नळाने हंबरडा फोडला आणि तेवढ्यात कॉलनीची वीज गेली. त्याच क्षणी नळ गप्प झाला. त्यातून करंगळीएवढी नितळ धार मुकाट्याने वाहू लागली. “उतरलं बघ त्येच्या अंगातलं,” आवडाबाई म्हणाली. थोड्या वेळाने वीज आली, फ्रीज गुरगुरला आणि नळ पुन्हा सुरू झाला.

दुखणे नळाचे नव्हतेच. घरोघरी लोकांनी नळाच्या लाइनला थेट मोटारी जोडल्या होत्या. त्या सगळ्या एकदम ओढू लागल्या की पाइपात पाण्याच्या आधी हवा शिरायची आणि वाटेत सापडेल त्या नळाला थडथडवायची. अशा मोटारी जोडणे नियमबाह्य असल्यामुळे कॉलनीत अधिकृतपणे एकही मोटार नव्हती. निशा मॅडमची मोटार कुत्र्याच्या घरात होती आणि कुत्रा गॅलरीत झोपायचा. अफजलभाईंची कुंड्यांच्या मागे, गोणपाटाखाली होती. सोमनाथची चपलांच्या कपाटात होती, पण ती आईसाठी होती. आजारी माणसाच्या घरात पाणी कमी पडून चालत नाही.

कॉलनीच्या ओपन स्पेसवर बैठक झाली. निशा मॅडम कॉलेजात पर्यावरण शिकवत असल्याने पहिल्यांदा त्या बोलल्या. “मोटार लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडचं पाणी पळवणं आहे. एका आजारी माउलीच्या जिवाशी हा खेळ आहे.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना मनापासून राग आला.

अफजलभाईंचा मंडपाचा धंदा. त्यांना लांबण आवडत नसे. “एक मिन्ट. जिसने मोटर लगाया, वो हात उप्पर करो.” एकही हात वर गेला नाही. “देखो, कोईच नै लगाया. फिर आवाज कायकू आता?”

तज्ज्ञ म्हणून गयासला विचारण्यात आले. कॉलनीतली प्रत्येक मोटार त्यानेच बसवली होती. तो सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत म्हणाला, “मै खाली पाइप जोडता. उसके आगे का मेरेकू नै मालूम.”

मग सोमनाथ उठला आणि त्याने शांतपणे मांडणी केली. वीज असताना दोष दिसतो, वीज नसताना दिसत नाही. अर्थात दोषाचे मूळ विजेत आहे. सभेने सुटकेचा निःश्वास सोडला. पाण्याच्या वेळेत कॉलनीची वीज बंद ठेवावी, असे विनंतीपत्र एकमताने विजेच्या कार्यालयात गेले. वीज सुरू करा म्हणणारे अर्ज त्या कार्यालयात महिनोन्महिने पडून असतात. बंद करा म्हणणारा हा पहिलाच, त्यामुळे तो हातोहात मंजूर झाला.

पुढच्या पाण्याला वीज गेली आणि नळ बोललाच नाही. आवडाबाई खाटेवरून उतरून नळापाशी आली, स्वतःच्या हाताने तांब्या भरला आणि तिथंच उभी राहून गटागटा प्यायली. कॉलनीच्या टोकाच्या घरालाही त्या दिवशी पाणी मिळाले. सोमनाथला खरोखर भरून आले.

एवढ्यात त्याची बायको सुरेखा गच्चीवरून खाली आली. “अहो, आपली टाकी अर्धी बी भरली नाय. निशा मॅडमची भरून वाहायलीय.”

“वीज नसताना?”

“त्यायनी इन्व्हर्टर लावलाय.”

त्याच्या पुढच्या पाण्यापर्यंत कॉलनीत घरोघरी इन्व्हर्टर आले. अफजलभाईंनी मंडपाचा जनरेटर दारात आणून उभा केला. वीज ठरल्याप्रमाणे गेली. मोटारींची घरघर चौफेर उठली तेव्हा सोमनाथ चपलांच्या कपाटापाशी उभा होता. त्याने आईकडे पाहिले, गच्चीवरच्या टाकीकडे पाहिले, पुन्हा आईकडे पाहिले आणि बटण दाबले.

नळ त्या दिवशी हंबरला तसा आधी कधीच हंबरला नव्हता. आवडाबाईचा चेहरा पांढरा पडला. सुरेखाने धावत येऊन तिच्या जिभेखाली गोळी ठेवली. श्वास जागेवर आल्यावर तिने विचारले, “सोमनाथा, ह्याच्यात आपलं बी मशीन हाय का रं?”

“आपलं लहान आहे, आई,” सोमनाथ म्हणाला.

तातडीची बैठक बोलावण्यात आली. नळ नवा होता, वीज बंद होती आणि मोटारी तर कोणाकडेच नव्हत्या. एकेक शक्यता नीट बाद करत गेल्यावर मागे उरली फक्त आवडाबाई. कॉलनीत मोटार नसलेली तेवढी एकच व्यक्ती होती आणि आवाजाचा त्रासही तिलाच होत होता. निशा मॅडमनी विमानात वापरायचे कानातले बोळे तिच्यासाठी स्वतः आणून दिले. अफजलभाईंनी खाटेखाली घालायला मंडपाचा जाड गालिचा पाठवला आणि भाडे घेतले नाही.

पाणी आले. आवडाबाईच्या कानात सोमनाथने स्वतःच्या हाताने बोळे घातले. तिने थोडा वेळ अंदाज घेतला आणि मोठ्याने म्हणाली, “आवाज नाय रं आता. पर छाती धडधडती ती धडधडतीच.”

सोमनाथने मान डोलावली आणि टाकी भरली का ते बघायला गच्चीवर गेला. कॉलनीच्या ग्रुपवर निरोप पडला: ‘सांडू यांचा नळ दुरुस्त झाला. सर्वांच्या सहकार्याबद्दल आभार.’ खाली अंगठ्यांची रांग लागली.

वाचकांपैकी ज्यांच्या घरचा नळ मुळीच आवाज करत नाही, त्यांनी पाण्याच्या वेळी एकदा शेजारच्या घरी जाऊन यावे. जाताना आपली मोटार बंद करू नये, म्हणजे दुखण्याचे निदान लवकर होईल.