मगरबाईंची जलवाहतूक

एका जंगलात, बाळांनो, एक नदी होती. अलीकडच्या काठावर सिंहाची गुहा होती आणि पलीकडच्या काठावर गवत होतं. उन्हाळा लागला की अलीकडचं सगळं वाळून जायचं. मग ससे, भेकरं, साळिंदरं आणि रानउंदीर रोज पलीकडे चरायला जायचे.

त्यांना भिवरा नावाची रानम्हैस न्यायची. ती स्वतः चरायला जायचीच, जाताना ह्यांना पाठीवर घ्यायची. उंदीर तिच्या कानातल्या गोचिडी काढायचे. ससे तिला इकडच्या तिकडच्या गप्पा सांगायचे. एवढाच व्यवहार होता. जंगल मागासलेलं असल्यामुळे तो कुणाला खटकत नव्हता.

मग दिवाण कोल्हा परदेशी जंगलांचा दौरा करून आला. आल्या आल्या तो सिंहाच्या गुहेत गेला.

"महाराज, आपल्या नदीवर मक्तेदारी आहे."

"म्हणजे काय आहे?" सिंह घाबरून उठून बसला.

"सगळ्यांना एकटी म्हैस नेते. एकट्यानेच सगळं करणं म्हणजे मक्तेदारी. त्यानं प्रगती थांबते."

"राजा तर मीही एकटाच आहे."

कोल्ह्यानं थोडा विचार केला. "त्याला स्थैर्य म्हणतात, महाराज."

सिंहाला हा फरक आवडला. त्यानं नदी सर्वांना खुली केली. ज्याला प्रवासी न्यायचे असतील त्यानं अर्ज करावा, अशी दवंडी पिटली गेली. अटी मोजक्याच होत्या. अर्जदाराची पाठ खवल्यांची असावी. शेपूट करवतीसारखी असावी. आणि पाण्याखाली बराच वेळ दिसेनासं होण्याचा अनुभव असावा.

तीन अर्ज आले. एक मगरबाईंचा, एक त्यांच्या धाकट्या बहिणीचा आणि एक सासूबाईंचा. स्पर्धा अटीतटीची झाली आणि मगरबाई जिंकल्या. भिवराचा अर्ज शिंगांमुळे बाद झाला. शिंगं प्रवाशांना लागू शकतात, असं कोल्ह्याचं म्हणणं पडलं. तिला नदीत उतरायलाच बंदी झाली.

सिंहानं वेल तोडून उद्घाटन केलं. पहिले काही दिवस प्रवास फुकट होता, वर प्रत्येकाला एकेक बोर मिळायचं. सगळे म्हणाले, म्हशीनं कधी बोर दिलं होतं का?

त्या जंगलात कुसुंबी नावाची सशीण होती. ती नुकतीच व्याली होती, म्हणून तिचा नवरा दगडू एकटाच चरायला जायचा आणि येताना तिच्यासाठी कोवळं गवत तोंडात धरून आणायचा. एका सकाळी तो एकटाच मगरबाईंच्या पाठीवर बसून गेला. संध्याकाळी सगळे परतले, दगडू परतला नाही. काठावर भेकरानं सांगितलं, "वहिनी, तो पलीकडे उतरलाच नाही. मध्यावर मगरबाईंनी बुडी मारली, आणि वर आल्या तेव्हा पाठ मोकळी होती."

कुसुंबी रात्रभर पिलांना पोटाशी घेऊन बसली. सकाळी ती कोल्ह्याकडे गेली.

"दिवाणजी, माझा नवरा मगरीनं खाल्ला."

"पुरावा?"

"तिच्या पोटात आहे."

"पोट ही खासगी मालमत्ता आहे, बाई. तिथं सरकारला शिरता येत नाही. तुम्हाला सेवा पसंत नसेल तर दुसरीकडे जायला तुम्ही मोकळ्या आहात."

"दुसरीकडे कुठं?"

"मगरबाईंच्या सासूबाईंकडे. त्यांचीही पोटकंत्राटात सेवा सुरू झाली आहे."

शेजारी प्रवासी संघाचे अध्यक्ष साळिंदरराव बसले होते. त्यांनी अंगावरचे काटे जरा फुलवले. "मी रोज जातो. मला आजवर काही झालेलं नाही," ते म्हणाले. "लोकांना नावं ठेवायची सवयच असते."

कुसुंबी सिंहाकडे गेली. आता सिंहाचंही सांगायला हवं. नदी खुली झाल्यापासून त्याच्या गुहेत रोज ताजं मांस घरपोच यायचं, मगरबाईंकडून सप्रेम. शिकारीला जावं लागत नसल्यानं त्याची गुडघेदुखी थांबली होती. सुधारणांचा हा पहिला दृश्य फायदा.

कुसुंबीनं सगळं सांगितलं. सिंह काहीतरी चघळत ऐकत होता. ते काय आहे हे ती पाहू लागली, आणि मग तिनं पाहणं थांबवलं.

"फार वाईट झालं," सिंह म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. त्यानं तोंडातला घास जरा हळू चावला.

त्यानंतर कुणी मगरबाईंच्या पाठीवर बसेना. सगळे अलीकडेच वाळक्या काटक्या चघळत राहिले. मगरबाई कोल्ह्याला म्हणाल्या, "धंदा बुडतोय. माझ्यामागे बहीण आहे, सासू आहे." कोल्हा सिंहाला म्हणाला, "महाराज, मगरबाई उठून गेल्या तर उद्या कुठली मगर आपल्या जंगलात येईल?" सिंहानं घरपोच येणाऱ्या मांसाचा विचार केला आणि शब्द दिला. मगरबाईंना रोज ठरलेले प्रवासी मिळतीलच. कमी पडले तर राजगादी पुरवील.

दवंडी पिटली. रोज एका बिळानं प्रवासी द्यायचे. पलीकडे नेण्याची अट काढून टाकली, त्यामुळे वेळही वाचणार होता. पहिली पाळी सशांची आली.

कुसुंबी तडक भिवराकडे गेली. ती चिंचेखाली बसून होती. बरगड्या दिसत होत्या, कान गोचिडींनी भरले होते.

"काकू, आम्हाला पलीकडे न्या."

"मला बंदी आहे, पोरी. माझ्याकडे परवाना नाही."

"दगडू परवान्याच्या पाठीवरच बसला होता, काकू."

भिवरा उठली आणि नदीकडे चालू लागली.

पिलं कुसुंबीच्या पोटाखाली, मागं ससे, त्यांच्यामागं उंदीर, अशी पाठ भरली. मध्यावर मगरबाई वर आल्या. "ही बेकायदा वाहतूक आहे!" त्या ओरडल्या. भिवरानं शिंगं खाली केली. मगरबाईंनी शिंगांकडे पाहिलं आणि कायद्याचा मुद्दा नंतर काढायचं ठरवून वाट सोडली. दुपारपर्यंत भिवरा खेपा घालत राहिली. शेवटी तीही पलीकडेच थांबली. कुसुंबीनं पिलांना हिरवं गवत दाखवलं, आणि मग ती एका झुडपाआड जाऊन पहिल्यांदा रडली.

अलीकडे आता शांतता होती. साळिंदरराव तेवढे राहिले होते, पण ते प्रवासी म्हणून मगरबाईंना चालत नव्हते. परदेशी बगळ्यांचं शिष्टमंडळ पाहणीला आलं. दरडोई जमीन कित्येक पटीनं वाढलेली पाहून त्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी मगरबाई गुहेच्या दारात आल्या. "आजचे प्रवासी?"

सिंहानं इकडे तिकडे पाहिलं. "दिवाणजी, कमी पडले तर कोण पुरवणार होतं?"

"राजगादी, महाराज," कोल्हा बाहेरूनच म्हणाला.

"पण राजगादीवर तर मीच आहे."

"एकटेच आहात," कोल्हा अदबीनं म्हणाला.

सिंह आता जाडा झाला होता, आणि शिकारीची सवय मोडली होती. तो उठला. मगरबाईंनी आदरानं पाठ पुढं केली. बहीण आणि सासूबाईही निरोपाला आल्या होत्या.

कोल्हा त्याच दिवशी शेजारच्या जंगलात गेला. तिथल्या वाघाला त्यानं आपल्या यशस्वी प्रयोगाची माहिती दिली. वाघ फार प्रभावित झाला.

तात्पर्य : बाळांनो, बाजार खुला असला की सगळ्यांना सारखी संधी मिळते. म्हणून मोठेपणी ससा होऊ नका, सिंह होऊ नका, आणि मगर होण्याचीही दगदग करू नका. सल्लागार व्हा.