वर म्हणजे वरवंड

सुभान मशीनवर लागला, ही बातमी दौंडात त्याच्या बायकोनं पसरवली. रोशनबीनं ती नळावर सांगितली, पिठाच्या गिरणीत सांगितली, आणि न्हावऱ्याहून आलेल्या एका पाहुणीला तर दोनदा सांगितली. कारण सगळा डोळा न्हावऱ्यावर होता. तिथले वजीरभाई आपल्या अयुबसाठी सुभानच्या मदिनाला बघून गेले होते. मुलगी पसंत होती, पण "बाप हमाल हाय" एवढ्यावर घोडं अडलं होतं. बाप मशीनवर गेल्याचं कानावर पडलं आणि त्यांचा होकार आला.

आता हे मशीन काय होतं ते सांगायला हवं. स्टेशनाबाहेर हौशीराम शेठचं पार्सलांचं गोदाम होतं. आलेला माल तिथं निवडायचा आणि दोन लॉऱ्यांतून धाडायचा, एक न्हावरे-शिरूरची आणि दुसरी वरवंड-यवतची. आजवरची निवड साधी होती. सुभान पार्सलावरचं नाव बघून "वर" म्हणायचा, की त्याचा जोडीदार गिदोन ते वरवंडच्या ढिगात फेकायचा. "न्हाव" म्हटलं की न्हावऱ्याच्या ढिगात. गावांची पुरी नावं घेण्याची दोघांनाही कधी गरज पडली नव्हती.

पण शेठ एकदा मुंबईला गेले, गोदीत पट्ट्यावरून पेट्या सरकताना बघितल्या आणि त्यांची झोप उडाली. त्यांनी कुठल्याशा कारखान्यातला जुना पट्टा आणला, विहिरीवरचं ऑइल इंजिन आणलं, आणि मिस्त्रीकडून पट्ट्याच्या टोकाला एक दांडा बसवून घेतला. दांडा वर केला की फळी फिरून पार्सल न्हावऱ्याच्या ढिगात पडायचं. हात नाही लावला, तर दांडा खालीच राहायचा आणि पार्सल वरवंडच्या ढिगात जायचं. नारळ फुटला तेव्हा शेठ म्हणाले, "माणूस चुकंल, मशीन चुकायचं न्हाई. तवा हितनं पुढं कुणी डोकं चालवायचं न्हाई."

नावं सांगायला सुभान आणि दांड्यावर गिदोन, अशी नेमणूक झाली. इंजिन मात्र दुरुस्तीत अडकलं आणि पट्टा फिरायला महिना लागला. गिदोन मिशनच्या शाळेत शिकलेला माणूस. सांगितलं तेवढंच करावं आणि सांगितलं ते करावंच, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं.

आता दिवसभर हातानं काही उचलायचं नाही, याचंच सुभानला नवल वाटत होतं. मंगनी चार दिवसांवर आली होती आणि जावयाची शेरवानी शिवून तयार होती. खरं तर ती सोबत घेऊन जायची रीत. पण सुभानच्या अंगात मशीन संचारलं होतं.

"आपल्या मशीनवरनं जाऊ दे की," तो म्हणाला. "वजीरभाईंना बी कळू दे."

"आवो, पर हातानं दिलेलं बरं," रोशनबी म्हणाली.

"हातानं हमाल देतो," सुभान म्हणाला, आणि विषय संपला.

शेरवानी तरटात शिवून त्यावर न्हावऱ्याचा पत्ता घातला. मशीन पहिल्यांदा चालणार होतं त्याच दिवशी वरवंडच्या सोपानरावांचंही एक पार्सल आलं होतं, तेही तरटातच शिवलेलं. पोळा जवळ आला होता आणि सोपानरावांनी बैलाचा साज मागवला होता. इंजिन धडधडू लागलं, पट्टा सरकू लागला, सुभान बेंबीच्या देठापासून ओरडू लागला आणि गिदोन दांड्याशी झटू लागला. सगळा माल चहाच्या आधी निवडून झाला. शेठनी दोघांना जिलबी चारली.

न्हावऱ्याच्या लॉरीवर म्हस्कू होता. सुभाननं त्याला बजावलं, "तरटाचं गाठोडं वजीरभाईच्या दारात नीट दे."

"तरटाचं एकच हाय. वरचं नाव वाचून बघू का?"

"मशीननं निवडलंय, तू काय वाचतोस?" सुभान म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानराव स्वतः गोदामात हजर झाले. त्यांच्या खांद्यावर काळी शेरवानी होती.

"शेठ, ही झूल कुणी धाडली?"

"का वो, पसंत न्हाई पडली?"

"बैलाला बसंना. एका बाहीत शिंग घातलं, तर दुसरं शिंग कुठं घालावं ते कळंना. बैल बुजला आन् बाही घेऊन गावभर पळाला."

"आवो, ही शेरवानी हाय. माणसाची."

"मला वाटलं नवी फॅशन आली आसंल," सोपानराव म्हणाले. "बटणं तर झ्याक हायती. पर माझी झूल कुठं हाय?"

झूल कुठं असणार ते सुभानला कळलं आणि तो होता तिथंच पोत्यावर बसला. मग त्यानं गिदोनला बाजूला घेतलं.

"गिदोन, काल मी वर म्हणलं तवा तू काय केलंस?"

"दांडा वर केला."

"आन् न्हाव म्हणलं तवा?"

"इंजिनाच्या धडधडीत मला न्हाई आसं ऐकू आलं. न्हाई म्हणतोय तर हात लावायचा न्हाई, म्हणून गप उभा ऱ्हायलो."

"येकदा इचारायचं तरी."

"डोकं चालवायचं न्हाई, आसं शेठच म्हणलं व्हतं, सुभानभाई."

सुभान घरी आला तो पडलेल्या तोंडानं. बायकोला त्यानं सगळं सांगितलं. जावयाच्या घरी झूल गेली होती, गोंडे गेले होते, घुंगरांची माळ गेली होती.

"आन् वेसण?" रोशनबीनं हळूच विचारलं.

"वेसणबी व्हती."

रोशनबीनं कपाळावर हात मारला. जावयाला बैलाचा साज कदाचित कुणी हसण्यावारी नेईल, पण होणाऱ्या सासऱ्याकडून वेसण आल्यावर कुठलं घर गप्प बसेल? मदिना आत भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. पोरीचं तोंड बघून सुभानला आपल्या मशीनची पहिल्यांदाच लाज वाटली. रोशनबीनं मात्र सुई-दोरा काढला, शेरवानीची फाटकी बाही रफू केली, आणि दोघं एस.टी.नं न्हावऱ्याला गेली.

वजीरभाई ओट्यावरच बसले होते. चेहरा काही सांगत नव्हता.

"तुमच्या मशीननं धाडलेला माल पोचला. म्हस्कूनं तुमचं नाव सांगूनच दिला," ते म्हणाले.

"वजीरभाई, त्याचं आसं झालं..."

"आदी माझ्या मागं या."

परड्यात त्यांचा सरदार नावाचा बैल उभा होता. अंगावर आरशांची झूल, गळ्यात घुंगरं, शिंगांना गोंडे, नाकात नवी वेसण. वजीरभाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"लई सोयरिकी आल्या. समद्यांनी पोराला काय देणार ते सांगितलं. ज्याच्या जिवावर हे घर उभं हाय, त्याला कुणी इचारलं न्हाई. तुम्ही जावयाच्या आदी ह्याचा मान केला."

सुभाननं खरं सांगायला तोंड उघडलं. रोशनबीनं त्याच्या पायावर पाय दिला.

"आन् वेसण," वजीरभाई म्हणाले, "जुनी परवाच तुटली. तुम्हांला दौंडात बसून कसं कळलं?"

सुभाननं जरा विचार केला. "मशीन हाय, वजीरभाई," तो म्हणाला.

अयुब मात्र दाराआड फुगून उभा होता. रोशनबीनं पिशवीतून शेरवानी काढून त्याच्या अंगावर घातली, तेव्हा त्याचा चेहरा खुलला. मग त्याचं बाहीकडं लक्ष गेलं.

"मामी, हितं रफू हाय."

"नवी फॅशन हाय बाळा," रोशनबी म्हणाली.

मंगनी ठरल्या दिवशी पार पडली. उलट्या गावांना गेलेला बाकीचा माल लॉऱ्यांनी परत फिरवला. शेठनी सोपानरावांना दुसरी झूल मागवून दिली. मशीन चुकलं म्हणून नव्हे, तर पोळ्याची भेट म्हणून, हे त्यांनी दोनदा बजावलं. गोदामात "वर" आणि "न्हाव" हे शब्द बंद झाले. सुभाननं आणि गिदोननं आपसांत नवे शब्द ठरवले.

पुढं एकदा वजीरभाई मुद्दाम मशीन बघायला दौंडला आले. दारातच थबकले. इंजिन धडधडत होतं आणि त्यावर सुभानचा आवाज चढत होता, "व्याही... व्याही... सोपानराव... व्याही..."

वजीरभाईंनी टोपी नीट केली. गिदोनजवळ जाऊन त्यांनी विचारलं, "हे दिसभर आसंच वरडत्यात?"

"दिसभर."

"आन् मधीच हे सोपानराव कोन?"

"त्यांचं नाव आलं की दांडा खाली ऱ्हातो."

"आन् व्याही म्हणलं की?"

"की वर करायचा," गिदोन म्हणाला.

"बरुबर हाय," वजीरभाई म्हणाले, आणि एका पोत्यावर मांडी ठोकून शेवटचं पार्सल निघेपर्यंत ऐकत बसले.