ताईंच्या भिंतीवरचा खिळा

कुसुमताईंच्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण मी उघडलं, तेव्हा आत रोल होता.

धूळ पुसायला उघडलं होतं. अंबडच्या कारखान्यात दिवसभर मशिनची झाकणं उघडून आत डोकावायची माझी नोकरी, हात शिवशिवले. उजेड लागला की रोल गेला, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. आठवलं उशिरा, इतकंच.

कुसुमताई आमच्या शेजारी एकट्या राहायच्या. लग्ना-मुंजीचे फोटो काढून पोट भरायच्या आणि उरलेल्या वेळात दिंडोरीच्या द्राक्षबागांत राबणाऱ्या बायांचे फोटो काढायच्या. नव्वदच्या दशकात गळ्यात कॅमेरा अडकवलेली बाई बांधावर दिसली की बागायतदार विचारायचे, "साहेब कुठंयत?" ताई स्कूटर धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट दाखवायच्या. "साहेब नाही. ड्रायव्हर आहे."

त्यांचं न्हाणीघर म्हणजे डार्करूम. आत प्रिंटा वाळत असल्या की ताई बादली घेऊन आमच्याकडे अंघोळीला यायच्या. फोटो काढताना कुणी हसलं की खेकसायच्या, "दात आत! काम कर तुझं." पण पहिली प्रिंट त्याच बाईला, स्वतः नेऊन द्यायच्या. प्रदर्शन वगैरे मागाहून. "आधी तिच्या भिंतीवर," हा त्यांचा कायदा.

त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर मात्र एक नुसता खिळा होता. रंग देताना मी विचारलं, "काढून टाकू?"

"राहू दे. लागेल."

तर त्या रोलमध्ये यमुनाबाई होत्या. डोक्यावर द्राक्षांचा क्रेट, आणि जन्मातला पहिला फोटो. मी पराक्रम केला तोवर हंगाम संपून त्या सुरगाण्याकडे आपल्या पाड्यावर परतल्या होत्या. इकडे प्रदर्शन तोंडावर.

मी म्हटलं, "ताई, ढीगभर फोटो आहेत तुमच्याकडे. एक बाई कमी झाली तर कळणार कुणाला?"

"तिला," ताई म्हणाल्या. "स्कूटर काढ."

घाटात स्कूटर दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा ताई उतरून मुकाट्यानं पुढे चालू लागल्या.

यमुनाबाई अंगणात सुपात नागलीचे दाणे पाखडत होत्या. "एखादा क्रेट आणायला हवा होता," मी पुटपुटलो. "दिला असता डोक्यावर." ताईंनी असं काही पाहिलं, की क्रेट असता तर मीच त्याच्यामागे लपलो असतो. फोटो निघाला तो सुपासकट.

मग यमुनाबाईंनी विचारलं, "समद्यांचं फोटू काढती. तुझा कोण काढतो?"

ताई पुसलेली लेन्स पुन्हा पुसायला लागल्या. यमुनाबाईंनी त्यांचा हात धरून शेजारी ओढलं. ताईंनी नाइलाजानं कॅमेरा माझ्याकडे दिला. "फक्त बटण. बाकी कशाला हात लावशील तर बघ."

मी फक्त बटण दाबलं.

प्रिंट धुतली तेव्हा दोघींची डोकी चौकटीबाहेर होती. कोपऱ्यात माझं बोट, आणि मधोमध एकमेकींत धरलेले दोघींचे हात.

सुपाच्या फोटोबरोबर हाही ताई आधी पाड्यावर देऊन आल्या. मग दुसरी प्रिंट फ्रेम करून त्या खिळ्यावर टांगली आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या. मधेच चष्मा काढून पदरानं पुसला.

माझी छाती फुगली. "जमलाय ना, ताई?"

मागे न वळता त्या म्हणाल्या, "विलास, त्यापेक्षा तू झाकण उघडलं असतंस तर बरं झालं असतं."